शिडासकट कोलांटी

माणच्या नरहरीला कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?", की तो आधी घसा खाकरायचा. घसा खाकरून होईपर्यंत विचारणारा दुसऱ्या विषयाकडे वळेल अशी त्याला आशा असायची. दोन हजार साली त्याची भाताची खाचरं आयटी पार्कात गेली, तेव्हापासून या प्रश्नाला त्याच्याकडे धड उत्तर राहिलं नव्हतं. शेतकरी म्हणावं तर शेत नाही. घरमालक म्हणावं तर त्यात करायचं काय असतं? महिन्यातून एकदा जिना चढायचा, नऊ दारं वाजवायची आणि जिना उतरायचा. शिरगणतीला आलेल्या मास्तरांनी त्याच्यासमोर बसून कागदावर 'काम करत नाही' असं लिहिलं. नरहरीने त्यांना वर चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवायलाही गेला.

स्वतःची टर उडवण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, आणि रिकाम्या माणसाला त्यासाठी वेळही भरपूर मिळतो. पोट सुटलं तेव्हा तो बायकोला म्हणाला होता की आता आपल्याकडे एवढं एकच पीक बारमाही येतंय. अनसूया हसली नाही. तिला नवऱ्याचे विनोद आवडायचे, पण खाचरं गेल्यानंतरचे नाही.

खरी अडचण हातांची होती. जेवून उठलं की या दोन हातांचं काय करायचं हे त्याला कळेना. तो जीप धुवायचा. धुतलेली जीप पुन्हा धुवायचा. भाडेकरूंच्या चपला जिन्यापाशी ओळीने लावून ठेवायचा, त्यामुळे वरची पोरं बिचारी संकोचून चपला हातात घेऊनच वर जाऊ लागली.

वरच्या मधल्या खोलीत शैलेश नावाचा जळगावचा इंजिनिअर राहायचा. कंपनीच्या सहलीला तो गोव्याला गेला आणि येताना कोणा परदेशी माणसाकडून शिडाचा बोर्ड विकत घेऊन आला. माणूस उभा राहील अशी लांब फळी, तिच्यावर कुठल्याही बाजूला कलणारी काठी, काठीला शीड, आणि शीड धरायला एक वळलेला आडवा दांडा. दांडा धरून फळीवर उभं राहायचं आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून धावायचं, असा तो खेळ. माणमध्ये पाणी दिवसाआड यायचं आणि तेही टाकीत, त्यामुळे बोर्ड पडवीत आडवा पडून राहिला.

मुळशीच्या धरणाच्या काठाला अनसूयेचा मामा कोंडिबा राहायचा. त्याच्या गोठ्यापासून पाणी हाकेच्या अंतरावर. दोन हजार पाचच्या जूनमध्ये एका रविवारी नरहरीने बोर्ड जीपच्या टपावर बांधला आणि शैलेशला तिथे घेऊन गेला. बोर्डाचं त्याला काही पडलं नव्हतं, पण कितीतरी दिवसांनी बांधायला काहीतरी मिळालं होतं. शैलेश दिवसभर पाण्यात पडला. असे तीन रविवार पडला. चौथ्या रविवारी तो धापा टाकत बाहेर आला आणि म्हणाला, काका, तुम्ही बघता का एकदा.

नरहरी फळीवर चढला, दांडा धरला आणि निघून गेला.

शैलेश काठावर तोंड उघडं टाकून उभा राहिला, पण त्यात नवल काही नव्हतं. भात लावायच्या आधी, चिखलणीत, खाचरातला चिखल सपाट करायला बैलांमागे फळी जोडतात आणि तिच्यावर माणूस उभा राहतो. बैल धावतात, फळी चिखलपाण्यातून सरकते, माणूस दोर धरून तोल सांभाळतो. नरहरी बाराव्या वर्षापासून दर पावसाळ्यात हेच करत आला होता. आता बैलांच्या जागी वारा आला, एवढाच फरक. दांड्याला तर तो पहिल्या दिवसापासून नांगराचं मुठीत धरायचं रुमणंच म्हणू लागला. परत काठाला लागला तेव्हा त्याचं तोंड आनंदाने फुललं होतं, आणि ते शैलेशला दिसू नये म्हणून शीड लई जड आहे अशी तक्रार त्याने बराच वेळ चालवली.

पावसाळा संपता संपता शैलेशला कंपनीने जर्मनीला पाठवलं. जाताना तो म्हणाला, बोर्ड तेवढा राहू द्या, दोन-तीन वर्षांनी आलो की घेऊन जाईन. राहू द्या की, असं नरहरी म्हणाला. दुसऱ्याची वस्तू, तो येणार आणि नेणार, तोवर आपली. त्याने ती मामाच्या गोठ्यात म्हशींपासून लांब, आढ्याला टांगून ठेवली.

बोर्डाबरोबर एक सीडीही मागे राहिली होती. शैलेशच्या खोलीत निषाद नावाचा नवा भाडेकरू आला, त्याच्या कॉम्प्युटरवर नरहरीने ती पाहिली. तिच्यात एक गोरा माणूस लाटेवरून उडायचा, हातात शीड तसंच धरून हवेत पुढच्या अंगाला कोलांटी घ्यायचा आणि पलीकडे उतरून त्याच वेगात पुढे जायचा. नरहरीने ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. निषाद मराठीत समजावत गेला: वेगात यायचं, उडायचं, मान वळवून पाठीमागे बघायचं आणि मागचा हात पोटाशी खेचायचा, बाकीचं वारा करतो. शेवटी तो गोरा बोट रोखून काहीतरी बजावत होता.

"तो म्हणतोय, काही झालं तरी सोडू नका," निषाद म्हणाला. "अर्ध्यात सोडलं तर जास्त लागतं."

सोडतो कशाला, असं नरहरी म्हणाला, आणि त्याने मनाशी ठरवून टाकलं की शैलेश बोर्ड न्यायला यायच्या आत ही कोलांटी घ्यायची. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, या पोटासकट, हे कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. आपण काय करतो याचं एक तरी उत्तर आपल्याजवळ असावं, भले ते चारचौघांत सांगण्यासारखं नसो, एवढंच त्याला वाटत होतं. पण ते फार वाटत होतं.

दोन हजार सहाचा पावसाळा तो पडला. सातचाही पडला. ताम्हिणीकडून वारा सुटला की त्याची जीप पौडावरून मुळशीला निघायची. मामाच्या गोठ्यात काम आहे, असं तो अनसूयेला सांगायचा. गोठ्यात म्हशी दोन आणि त्यांचं करायला मामा-मामी धडधाकट, त्यामुळे अनसूयेचा यावर किती विश्वास बसला असेल हे सांगायला नको. ती फक्त जीपमध्ये कोरडा टॉवेल ठेवायची.

पडण्यात मात्र त्याची प्रगती चांगली होती. पहिल्या वर्षी तो नुसताच पडायचा. दुसऱ्या वर्षी आता कुठे लागणार हे त्याला हवेतच कळू लागलं. पाठीवर पडला की पाणी फरशीसारखं लागायचं. तोंडावर पडला की नाकात शिरलेलं धरण संध्याकाळी जेवताना ताटात उतरायचं. कोंडिबामामा छत्री घेऊन काठावर बसायचा आणि येणारे-जाणारे विचारू लागले की गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आमचं जावई हायेत. नवस हाय त्यांचा." हळूहळू वाडीत ही नवसाची गोष्ट पक्की झाली. एका म्हातारीने तर नवस लवकर फिटू दे म्हणून त्याला हळदकुंकू लावलेला नारळ आणून दिला. नरहरीने तो घेतला, कारण दोन वर्षांच्या खटपटीतून हाती लागलेली ती पहिलीच वस्तू होती.

कोलांटी का होत नाही याची कारणं त्याने पुष्कळ शोधली. आधी पोटावर संशय घेतला आणि रात्रीचा भात बंद केला. पोट थोडं कमी झालं, पडणं तेवढंच राहिलं. मग वाऱ्यावर संशय घेतला, मग बोर्डाच्या वयावर. घरी सराव करावा म्हणून त्याने गच्चीवर बांबूला चादर बांधली, खाली गादी टाकली आणि मागे बघत उडी मारली. लिंबाचं लोणचं मुरायला ठेवलेली बरणी पायाच्या वाटेत होती. आवाज ऐकून नऊ खोल्यांतले भाडेकरू वर धावले, तेव्हा घरमालक चादरीत गुंडाळलेला, लोणच्यात पडलेला त्यांना सापडला. कोणी काही विचारलं नाही. त्यानंतर महिनाभर सगळे त्याच्याशी फार हळू आवाजात बोलत होते.

दोन हजार आठच्या जुलैत जर्मनीहून शैलेशचा फोन आला. महिनाअखेरीला तो सुट्टीवर येणार होता. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दुपारी टेम्पो घेऊन थेट मामांकडे येतो आणि सामान उचलतो, म्हणाला. या की, असं नरहरी म्हणाला आणि फोन ठेवून जीप धुवायला गेला. त्या महिन्यात तो सोळा वेळा मुळशीला गेला. कधी वारा नव्हता, कधी होता तर तो उडत नव्हता, कधी उडाला तर पाण्यात जाऊन आदळला. कोलांटी झाली नाही.

ऑगस्टच्या त्या रविवारी सकाळी तो निघाला तेव्हा अनसूया जीपमध्ये येऊन बसली होती. मांडीवर टॉवेल आणि भाकरीचं फडकं.

"मीबी येते," ती म्हणाली. "काय करताय त्ये बगू तरी."

नरहरीला हे मुळीच नको होतं. मामाने बघणं वेगळं. पण नको म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं, आणि गोठ्यातल्या कामाचं नाव काढायची हिंमत त्याला झाली नाही.

वारा अगदी हवा तसा होता. धरण निम्म्यावर भरलेलं, पाण्यावर सगळीकडे लाटांचे पांढरे कंगोरे उठलेले. नरहरी सुटला, वेगात आला, उडाला आणि पडला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी पाण्यातून डोकं वर काढलं, तर अनसूया पावसासाठी डोक्यावर घेतलेली प्लास्टिकची खोळ सावरत गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती आणि त्याला हात करत होती. तो बोर्ड ओढत तिच्याजवळ गेला.

"पडल्यावर हात सुटतोय आसं वाटतंय न्हवं तुमाला?" तिने विचारलं.

"मग? पाण्यात आपटल्यावर सुटनारच."

"तसं न्हाई हुत. तुमी आदी सोडताय, मग पडताय. फळी वर उडाली रं उडाली की मागचा हात उगडतोय तुमचा. पाची बारीला म्या त्योच बगितलाय."

नरहरीने नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि त्याला स्वतःचा हात आठवला. खाचरात बैल एकदम उधळले की दोर सैल सोडायचा, हे त्याच्या बापाने त्याला चाबकाच्या दांड्याने शिकवलं होतं. धरून ठेवला तर माणूस फळीखाली जातो. ते खाचरात बरोबरच होतं. पंचवीस वर्षं त्याच्या हातांनी तेवढं एकच चोख पाठ केलं होतं: ओढ लागली की सोड. डोक्याला त्याचा पत्ता नव्हता. तीन पावसाळे डोकं कोलांटी घ्यायला निघायचं आणि हात बैल सोडून द्यायचे.

हे त्याने अनसूयेला सांगितलं आणि वर एक विनोदही केला, की मी चिखलणी करतोय आणि मला वाटतंय मी उडतोय. ती हसली नाही. तिच्या कपाळावरून पावसाचं पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"जिमिनीचंबी तुमी आसंच केलंत," ती म्हणाली. "कुनी वढायच्या आदीच सोडून मोकळं झालात. जिमीन घ्याया आल्याला त्यो सायेब म्हनत व्हता, महिना घ्या, हरकत आसंल तर लिवून द्या. शेजारच्या विठ्ठलरावांनी लिवून दिली. त्यांची हिरीकडची दोन खाचरं ऱ्हायली, आजबी भात लावत्यात. तुमी त्याच दुपारी सही करून आलात."

आठ वर्षांत तिने हे एकदाही काढलं नव्हतं. नरहरीला विनोद सुचेना, आणि हे त्याच्या बाबतीत फार दिवसांनी घडत होतं. वर रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला, मामा उठून उभा राहिला, आणि नरहरी बोर्ड वळवून पाण्यात शिरला.

तो बराच आत गेला आणि तिथून वळला. वाऱ्याने शीड भरलं. एक उंच कंगोरा समोर आला, फळी त्यावर चढली आणि खालचं पाणी सुटलं. त्याने मान मागे वळवली आणि मागचा हात पोटाशी ओढला. हात उघडायला निघाला, ते त्याला स्पष्ट कळलं. बोटं एकेक करून सैल होत होती. नरहरीने त्या हाताला मोठ्याने एक इरसाल शिवी दिली आणि मूठ आवळली. मग आभाळ खाली आलं, मुळशीचे डोंगर उलटे टांगले गेले, काठ कुठे गेला ते कळलं नाही, आणि तो पाठीवर पाण्यात बसल्यासारखा आदळला.

बरगडीत कळ उठली. डोळे उघडले तर दोन्ही हात दांड्यावर होते. शीड डोक्यावर होतं, फळी पायाखाली होती, आणि तोंड जिकडे जायचं तिकडेच होतं. वाऱ्याने शीड उचललं, शिडाने त्याला उचललं, आणि तो उभा राहून काठाकडे निघाला. तोंड पुन्हा फुललं होतं. ते लपवायला आता काही तक्रार सुचत नव्हती.

काठावर शैलेश येऊन उभा होता, अंगाने थोडा भरलेला, हातात छत्री. मामाने छत्री कधीच टाकून दिली होती. अनसूया मात्र अजून घाबरलेलीच होती, कारण पहिल्या पाच वेळांत आणि या वेळी नेमका काय फरक झाला ते तिला समजलं नव्हतं.

"ह्ये पडनं व्हतं, का झालं?" तिने विचारलं.

"झालं," नरहरी म्हणाला.

मग शैलेश आणि टेम्पोवाला सामान उचलायला आले. शैलेशने काठीपासून सोडवून बोर्ड उचलला. टेम्पोवाल्याने शीड उचलायला घेतलं, तर ते येईना. नरहरीची मूठ अजून दांड्यावर होती. टेम्पोवाल्याने जरा ओढून पाहिलं, मग अदबीने थांबला. सगळे नरहरीकडे बघू लागले. नरहरीही आपल्या हाताकडे बघत होता. तीन वर्षं त्याने हा टेम्पो येणार म्हणून जिवाला घोर लावून घेतला होता, दिवस मोजले होते, भात सोडला होता, लोणच्यात पडला होता. या सगळ्यात एक गोष्ट त्याच्या मनात एकदाही आली नव्हती, ती त्याने आता केली.

"शैलेशराव," तो म्हणाला, "ह्यो मला देता का? काय आसंल ती किंमत सांगा. पन नगा नेऊ."

शैलेशने बोर्ड गवतावर ठेवला.

"काका, अहो, किंमत कसली?" तो म्हणाला. "तुमची अडचण होतेय म्हणून मी न्यायला आलो. तीन वर्षं लाज वाटत होती मला, लोकांच्या घरात अडगळ टाकून गेलो म्हणून. मी कुठे नेणार होतो? टेम्पोवाल्याला सांगितलंय, वाटेत भंगारात टाक. तुम्ही एकदा फोनवर म्हणाला असतात, तर मी आलोसुद्धा नसतो."

सगळ्यांत आधी नरहरीच हसला. बरगडी धरून हसला, खाली बसून हसला. त्याचं बघून मामा हसला आणि टेम्पोवालाही, त्याला काही कळलं नव्हतं तरी. आपल्यासारखा शहाणा मुळशी तालुक्यात दुसरा नसेल, नरहरी म्हणाला. शैलेशरावांनी घर मागितलं असतं तर मी पायऱ्या झाडून दिलं असतं. मामाने चहा टाकायला हाळी दिली. बोर्ड टांगायला दोर आणतो, असं सांगून नरहरी गोठ्याच्या मागे गेला.

तो बराच वेळ आला नाही, म्हणून अनसूया बघायला गेली. तो गोठ्याच्या भिंतीला टेकून जोत्यावर बसला होता आणि रडत होता. पाऊस असला तरी ते दिसत होतं.

"कुनी वढतच नव्हतं गं," तो म्हणाला. "सायेब सवता म्हनत व्हता, महिना घ्या. म्या फक्त इचारायचं व्हतं."

तसं काही नाही, असं अनसूयेला म्हणता आलं असतं, पण तसंच होतं. ती त्याच्या शेजारी ओल्या जोत्यावर बसली आणि त्याचा हात तिने आपल्या हातात घेतला. दांडा आवळून त्याची बोटं पांढरी पडली होती. थोड्या वेळाने कोपऱ्यावरून मामा चहाचे कप घेऊन आला, तसा नरहरी हात सोडवून घेऊ लागला.

"मामा बगतोय," तो हळूच म्हणाला.

"बगू द्या," अनसूया म्हणाली, आणि तिने हात सोडला नाही.